वेणू नावाची लाट

७ जानेवारी, मंगळवार
आज साडू आमच्या जन्मनोंदणीच्या खिडकीवर आले. साडू म्हणजे माझ्या मेहुणीचे यजमान. दातांचे डॉक्टर, आणि स्वतःवर बेहद्द खूश. मुलाला मुलगी झाली म्हणून फॉर्म घेऊन आले होते. नावाच्या रकान्यात: वेणू.

वेणू माझं आहे! सव्वीस वर्षं या खिडकीवर बसलो, तेव्हा कुठे नव्वद वर्षांपूर्वीच्या रजिस्टरात ते सापडलं. त्या काळी पानापानावर वेणू होत्या. गेल्या पन्नास वर्षांत एकही नाही. माझ्या मुलीला मुलगी होईल तेव्हासाठी राखून ठेवलं होतं. गेल्या महिन्यात साडूंकडे जेवताना बोलून गेलो.

विचारलं, नाव कसं काय सुचलं? म्हणाले, सुचलं असंच, आंघोळ करताना.

नोंद मलाच करावी लागली. अक्षर मुद्दाम वाईट काढलं.

८ जानेवारी
स. ९.१०. बसस्टॉपवर उपाय सापडला.

साडूंचा सगळा तोरा नाव 'युनिक' आहे यावर. तर ते युनिक ठेवायचंच नाही. मुलींची नावं लाटेने येतात, हे माझ्याइतकं कोणाला माहीत? एके काळी सगळ्या सुनीता. मग सगळ्या पल्लवी. मग सगळ्या श्रद्धा. सध्या 'आ'ची साथ आहे: आर्वी, आध्या, आन्या. लाट कोणीतरी सुरू करतंच. यंदा मी करणार.

रोज दहा-बारा जण येतात. निम्म्यांचं नाव ठरलेलं नसतं. वर्षाअखेर दोनशे वेणू, कमीत कमी. नात शाळेत गेली की साडूंनी फाटकातून 'वेणू' म्हणून हाक मारावी आणि अर्धं पटांगण धावत यावं.

शांत झोप लागेल आज.

१९ जानेवारी, रविवार
मुलगी आणि जावई दर रविवारप्रमाणे जेवायला. बातमी आहे! सप्टेंबर. बायको रडली. मीही आनंदलो, पण मनात आलं, हे साडूंच्या आधी झालं असतं तर?

तिच्यासाठी दुसरं नाव शोधीनच. सवड मिळाली की.

तोपर्यंत खिडकीवर काय बोलायचं त्याचा सराव तिच्यावर केला. छोटं नाव. गोड. लिहायला सोपं. पणजीचा मान आणि आजची फॅशन. मुलगी लक्ष देऊन ऐकत होती. चांगली श्रोती आहे.

३ फेब्रुवारी
पहिला प्रयत्न. बाप म्हणाला, वेणू? आमच्या ऑफिसात वेणू म्हणून एक मिशीवाले आहेत.

आर्वी ठेवलं. आठवड्याभरातली चौथी.

४ मार्च
फेब्रुवारीत दिवसच कमी असतात. शिवाय मुलगेच जास्त झाले. यात माझा काय दोष?

दोनशे हा आकडा घाईत ठरवला होता. पन्नास पुरेत. पन्नासांतही साडूंचं नाक कापलं जातं.

११ मार्च
एक तरुण आई म्हणाली, छान आहे, विचार करते. अर्धी वेणू म्हणून धरली.

१२ मार्च
आध्या ठेवलं. अर्धी खोडली.

६ एप्रिल, रविवार
साडूंनी नातीचा फोटो पाठवला. खाली लिहिलंय: आमची एकमेव वेणू.

एकमेव!

जेवताना मुलीला आणि जावयाला तासभर वेणू या नावाचा महिमा सांगितला. आवाज जरा चढला. बायको म्हणाली, आधी जेवा. जावई भला माणूस, पाणी आणून दिलं.

२८ एप्रिल
शेजारच्या खिडकीवरच्या बाई म्हणाल्या, तुम्ही इतका जोर लावता की लोकांना ही सरकारी योजना वाटते. अतिशयोक्ती. एका आजोबांनी 'सक्तीचं आहे का' एवढंच विचारलं. मी 'सध्या तरी नाही' म्हणालो. यात खोटं काय?

१७ मे
सायं. ६. लाट सुरू झाली! बागेत फिरताना ऐकलं, एक गृहस्थ मोठ्याने हाक मारत होते: वेणू! वेणू! अंगावर काटा आला. धावत गेलो.

कुत्री होती.

गृहस्थांची मुलगी एप्रिलमध्ये आली होती खिडकीवर. माझ्याकडूनच ऐकलं म्हणे. बाळाचं नाव आन्या, पण हे कुत्रीला अगदी शोभलं.

यादीत धरावी का, ठरत नाही. साडूंना मात्र सांगणार.

१९ मे
दवाखान्यात जाऊन सांगितलं. साडू इतके हसले की पेशंटच्या तोंडातलं यंत्र बंद करायला विसरले.

९ जून
तक्रार झाली. कुणीतरी लिहून दिलंय की अमुक खिडकीवरचा कारकून बाळाचं नाव बदलायला लावतो आणि ऐकलं नाही तर फॉर्मात चुका काढतो. चुका होत्याच. काना राहिला होता.

मोठ्या बाईंनी केबिनमध्ये बोलावलं. म्हणाल्या, तुमच्या अनुभवाची गरज दुसरीकडे आहे. म्हणजे मी आता मृत्युनोंदणीच्या खिडकीवर.

ही एक प्रकारची बढतीच. पंखा जवळ आहे.

२ जुलै
इथे कोणी नाव विचारायला येत नाही. सगळ्यांची ठरलेली. या आठवड्यात तीन मालती, दोन प्रमिला. आमच्या जुन्या रजिस्टरातल्या एकाच पानावरच्या पोरी एकामागोमाग एक इथे पोचतायत. दुपारी रजिस्टर मिटून चहा घेऊन आलो.

मग एक साठीचे गृहस्थ आले. आईचं नाव: वेणू. वय सत्त्याऐंशी. मी म्हणालो, काय सुंदर नाव! ते म्हणाले, आईला मुळीच आवडायचं नाही हो. वर्गात सहा वेणू होत्या. हिला बाई 'खिडकीजवळची वेणू' म्हणायच्या. म्हातारपणीही सांगताना चिडायची.

म्हणजे माझी योजना शास्त्रशुद्ध आहे. सहांत एवढा त्रास, तर पन्नासांत किती? फक्त खिडकी चुकीची मिळाली.

त्यांच्या आईचं नाव सुवाच्य अक्षरात लिहिलं.

२४ ऑगस्ट, रविवार
लक्ष्य दहा. आता प्रचार फक्त घरी. मुलीचे पाय सुजलेत, कुठे उठून जाता येत नाही, त्यामुळे शांतपणे ऐकते.

तिच्या बाळासाठी नाव अजून शोधलेलं नाही. उद्या नक्की.

२० सप्टेंबर
दु. २.३०. मुलगी झाली! दोघी सुखरूप. बसमध्येच नाव शोधलं: शर्वाणी. अखेर सुचलं.

सायं. ५. सुचून उपयोग झाला नाही. मी तोंड उघडायच्या आत मुलगी म्हणाली, बाबा, तुमच्यासाठी सरप्राइज आहे. हिचं नाव वेणू.

म्हणालो, अगं, पण ते साडूंच्या नातीचं! ती म्हणाली, असू दे की. नऊ महिने तुम्ही दुसरं काही बोलला आहात का? जावई म्हणाले, हे नाव घेताना तुमचे डोळे भरून यायचे, आम्ही दोघांनी तेव्हाच ठरवलं.

कशाने भरायचे, ते सांगता आलं नाही. टॉवेलातलं तोंड केवढंसं, सुरकुतलेलं, आणि सगळे माझ्याकडे बघत होते. 'छान' म्हणालो.

सायं. ६.३०. साडू फुलं घेऊन आले. पाठीवर थाप मारून म्हणाले, शेवटी आमचंच नाव आवडलं ना?

५ ऑक्टोबर, रविवार
परवा जन्मनोंदणीच्या बाईंकडून आकडा काढवला. जानेवारीपासून आजवर वेणू: दोन. दोन्ही आमच्याच नात्यात.

दुपारी सगळे जमले. दोन वेणूंचा घोळ होऊ लागला. एकीसाठी दूध गरम केलं, दुसरीला पाजलं. साडूंनी लगेच तोडगा काढला: त्यांची मोठी वेणू, आमची धाकटी वेणू. सगळ्यांना एकदम पसंत. बायकोलासुद्धा. मी हरकत घेणार होतो, पण धाकटी माझ्या मांडीवर झोपली होती आणि हलायची सोय नव्हती.

सायं. ६. ती जागी झाली. कोणी जवळ नव्हतं. मीच म्हणालो, काय गं धाकटे?

लगेच माझ्याकडे पाहिलं. पंधरा दिवसांत स्वतःचं नाव ओळखते. बायको दारातून म्हणाली, दिव्याकडे बघतेय ती.