एका नटावरची क्रेन

शुक्रवार संध्याकाळ, सेलू

शाळेच्या उद्याच्या प्रदर्शनात मुलांनी केलेलं डुगडुगणारं मॉडेल ठेवावं की आपण केलेलं नेटकं?

आज हेडसरांसमोर सातवीतल्या वैष्णवीने धातूच्या पट्ट्यांची क्रेन चालवली. बादली अर्धी वर गेली, नट निसटला आणि क्रेनचा हात कोसळला. सर म्हणाले, "मॅडम, तुमचं प्लास्टिकच्या ठोकळ्यांचं घरच ठेवा. रंगीत आहे, पडत नाई. पोरगी बाजूले उभी राहून माहिती सांगेल."

ते घर मी एकटीने बांधलंय. शिक्षकांनी बनवायचं आणि मुलांनी माहिती सांगायची, सगळीकडे असंच चालतं, पण म्हणून...?

वैष्णवी रडली नाही. बाकाखाली शिरून तिने नट शोधला. "मॅडम, घट्ट कसला तर हात फिरत नाई, अन् ढिला ठेवला तर पडते. ढिल्या नटावर अजून एक नट कसून पाहू काय?"

आता घरी माझी आई म्हणते, "घरातली पहिली ग्रॅज्युएट, अन् खेळण्यापायी जेवून नाई राह्यली!"

उद्या क्रेन पुन्हा पडली तर सगळे वैष्णवीला हसतील. तो नट डोक्यातून जात नाही. पण शाळेतून निघण्यापूर्वीच मी माझं घर सुटं करून डब्यात भरलं आणि पाना तिच्या हातात दिला.