बाकाची तिसरी पट्टी

प्रिय भिंगरीस,

पाकिटावर माझं अक्षर पाहून दचकू नकोस. घरी सगळं ठीक आहे. तुझे बाबा गॅलरीतल्या कुंड्यांना पाणी घालता घालता खालच्या मजल्यावरच्यांच्या वाळत घातलेल्या कपड्यांनाही घालतायत, म्हणजे नेहमीसारखंच. तरी पत्र लिहितेय, कारण फोनवर तुझा आवाज ऐकला की माझी जीभ माझ्या ताब्यात राहत नाही. गेलं वर्षभर ती काय काय बोललीये, तेच आज तुला सांगायचं आहे. पूर्ण वाच आणि मगच काय बोलायचं ते बोल.

बसने वळताना तुझ्या सायकलला घासलं आणि तुझं मांडीचं हाड मोडलं, तेव्हा तीन आठवडे तुझ्याजवळ राहून मी परत आले. पंधरा दिवसांत तुझं पाकीट आलं. आत रंगीत पेन्सिलींनी काढलेला नकाशा, आपल्या घरापासून माझ्या खुर्च्यांच्या कारखान्यापर्यंतचा. वसाहतीच्या मागच्या फाटकातून बाहेर, कालव्याच्या काठाने, रेल्वेपुलाखालून, पाण्याच्या टाकीला वळसा घालून थेट आमच्या मागच्या दाराशी. हमरस्त्यावर चाकसुद्धा टेकवायला नको. मागे तू लिहिलं होतंस, आई, तू त्या हमरस्त्याने सायकलवर जातेस हे आठवलं की मला झोप लागत नाही. मांडीत सळई घालून पडलेली पोरगी, आणि काळजी कुणाची तर माझी! मी स्वयंपाकघरात उभ्या उभ्या रडले आणि लगेच फोन करून तुला शब्द दिला.

तो शब्द मी एक दिवस पाळला. हो, एकच. हमरस्त्याने मला बारा मिनिटं लागतात, तुझ्या वाटेने सत्तावीस लागली. शिवाय पुलाखालच्या डबक्यात बूट भिजले आणि कारखान्यात पोहोचले तेव्हा सगळे कामाला लागलेले. मी, जी एकतीस वर्षांत कधी उशिरा गेले नाही! तुला माझा तोरा माहीत आहे. कोणता सिग्नल किती वेळ लाल राहतो ते मला तोंडपाठ, बसवाले मला ओळखतात, मी कशाला बदकांच्या मागे मागे सायकल हाकू? दुसऱ्या दिवशी पुन्हा हमरस्ता. बाबांनी गॅलरीतून मी कुठल्या फाटकातून बाहेर पडते ते पाहिलं आणि पुन्हा कुंड्यांना पाणी घालायला लागले.

मग रविवार आला आणि तू विचारलंस, वाटेत काय काय दिसलं? आता काय सांगणार? मी म्हटलं, खंड्या दिसला, निळाशार. तू इतकी खूश झालीस की पुढच्या रविवारी मी वर्तमानपत्र वाचत चालणाऱ्या एक बाई दिल्या, आणि त्याच्या पुढच्या रविवारी बाक. थापा मारायला बसले तरी हात सुतारणीचाच. लोखंडी पाय, बसायला पाच पट्ट्या, त्यातली मधली, तिसरी, गायब; तिथे बसलं की माणूस थोडा खचतो. तोंड पाण्याकडे. मी रोज दोन मिनिटं तिथे टेकते आणि मग पुढे जाते, असंही ठोकून दिलं. तू हसलीस. अपघातानंतर पहिल्यांदा हसलीस गं. आणि म्हणालीस, तू खुर्च्या करतेस आणि तुला त्या बाकाला एक पट्टी लावता येत नाही? तेव्हापासून दर रविवारी तुझा तोच प्रश्न, बाक कोणी दुरुस्त केला का? आणि माझं तेच उत्तर, छे, कोणाला पडलंय! बाबा शेजारी बसून ऐकायचे आणि मी फोन ठेवला की म्हणायचे, आज बाकावर ऊन होतं की सावली?

हे असंच चाललं असतं. पण चौथ्या महिन्यात जावईबापूंचा फोन आला. त्यांनी मला सांगितलं ते तू कधी सांगितलं नव्हतंस. व्यायाम करून घेणाऱ्या बाईंना तू तीन वेळा दारातून परत पाठवलंस, भिंतीकडे तोंड करून पडून राहिलीस, आता चालून कुठे जायचंय म्हणालीस. आणि मग एका सोमवारी आपणहून उठून बसलीस. पलंगापासून दारापर्यंतच्या अंतराला तू म्हणायचीस फाटक. जिन्यापर्यंत पूल. खालच्या अंगणापर्यंत टाकी. बाईंनी विचारलं, एवढं चालत कुठे निघालात? तर तू म्हणालीस, आईच्या बाकावर. हे सांगताना जावईबापूंचा आवाज आनंदाने भरून आला होता. माझ्या मात्र पायाखालची वाळू सरकली. माझी लेक दात-ओठ खात एकेक पाऊल टाकत होती, आणि जिकडे निघाली होती तिथे काहीच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी अर्धा तास आधी निघाले आणि तुझा नकाशा खिशात घालून मागच्या फाटकाने बाहेर पडले. मनात एकच, एखादा तरी बाक असू दे, कसलाही, तीन पायांचा असला तरी चालेल. नव्हता. टेकायला म्हणून होता तो टाकीजवळच्या मोरीचा कठडा, तोही ओला. मी त्याच्यावर बसले आणि स्वतःला मनसोक्त शिव्या घातल्या. तेवढ्यात समोरच्या तारेवर खंड्या येऊन बसला. देवाशपथ सांगते, आला. आता तू विश्वास ठेवणार नाहीस आणि त्यात तुझी चूक नाही.

त्या दिवसापासून मी तुझ्याच वाटेने जाते. आधी निव्वळ लाजेखातर. वर्तमानपत्रवाल्या बाई काही भेटल्या नाहीत, पण गुडघे दुखतात म्हणून उलटं चालणारे एक निवृत्त मास्तर भेटतात. त्यांना मी लांबूनच घंटी देते आणि ते माझ्याकडे पाठ करूनच हात हलवतात. सत्तावीसची आता चोवीस मिनिटं झालीत. खोटं पुरे झालं म्हणून हेही सांगते, मध्यंतरी दोनदा हमरस्त्याने गेले, दोन्ही वेळा उशीर झाला होता म्हणून. पण त्यातल्या दुसऱ्या खेपेला एक गोष्ट कळली. माझे खांदे दुखतात ते रंधा मारून, असं मी इतकी वर्षं समजत होते, डॉक्टरांनाही तेच सांगत होते. त्या दिवशी मागून ट्रकचा हॉर्न वाजला आणि माझे खांदे कानापर्यंत वर गेले. कालव्यावर आले की खाली येतात. रंधा बिचारा उगाच बदनाम झाला होता. हल्ली मी कारखान्यात पोहोचते तेव्हा मूठ आवळलेली नसते. मालक म्हणाले, ताई, तुमचं पॉलिश सुधारलंय. आधी राग आला, मग पटलं. भिंगरे, हे सगळं तू दिलंस, तेही तुझा एक पाय पलंगाला खिळलेला असताना. तुझे उपकार मानायचे राहून गेले होते, ते आज मानते. आईने लेकीचे उपकार मानायचे नसतात असं कोणी म्हटलं तर म्हणू दे.

आता पत्राचं खरं कारण. शनिवारी तू येणार, सायकल घेऊन, आणि घरात बॅग टाकायच्या आधी बाकावर जायचं म्हणतेस. म्हणून त्याआधी हे तुझ्या हातात पडायला हवं होतं. टाकीच्या कार्यालयातल्या साहेबांकडे मी चार खेपा घातल्या, शेवटी कंटाळून त्यांनी तिथे बाक ठेवायची परवानगी दिली. पाच आठवडे जेवणाच्या सुट्टीत खपले. लोखंडी पाय आमच्या वेल्डरने केले. पण मोडका बाक करायला हात धजेना. एकतीस वर्षांत अपुरी वस्तू माझ्या हातून बाहेर गेलेली नाही. म्हणून पाचही पट्ट्या केल्या, घासल्या, बसवल्या, सारख्या बसल्यात याची खात्री केली. आणि मग तिसरी काढून घेतली. परवा तो मोरीजवळ उभा केला, तोंड पाण्याकडे. मास्तर पहिल्याच दिवशी त्यावर बसले, थोडे खचले आणि म्हणाले, बाई, काम अर्धवट राहिलंय तुमचं. तिसरी पट्टी तुझ्या खोलीत दारामागे उभी आहे, चार स्क्रू पाकिटात घालून तिलाच बांधलेत. रागवायचं असेल तर पोटभर रागव, पण तिथे बसून रागव. तू वर्षभर विचारत होतीस ना? अजून कोणी दुरुस्त केलेला नाही. तुझ्यासाठी ठेवलाय.

तुझीच,
थापाडी आई