बाबांसाठी ठरवलेली होडी

शनिवार संध्याकाळ, धरणाच्या पलीकडच्या काठावर

घणसोलीहून निघताना बाबांना सांगितलंच नव्हतं, की धरणावर मी होडी ठरवलीये. कॅम्पच्या जागेपर्यंत रस्ता नाही. एक तर होडी, नाहीतर काठाकाठाने जंगलातून चालत. अँजिओप्लास्टीनंतर डॉक्टरांनी बाबांना चालायला परवानगी दिलीये, पण टेन्शन मला.

होडी बघून बाबा म्हणाले, "सामान टाक तिच्यात. मला सामानात धरू नकोस."

मग मी पण चालते म्हटलं, तर होडीवाले काका अडून बसले. "नुसतं सामान नेनार नाय. काय हरवलं तर मागून भांडनं होतात. एक मानूस बसवा."

म्हणजे मी होडीत, तंबू आणि पातेल्यांसोबत, आणि बाबा एकटे काठाने. त्यांची पांढरी टोपी झाडांत दिसायची, परत गायब. काकांना म्हटलं, हळू घ्या. आधी बाबांनाच विचारलं असतं तर? विचारलं का नाही मी? एकदा तर टोपी इतका वेळ दिसेना, की मी उभीच राहिले. काका ओरडले, "बस गं बाय, त्यांच्याआधी तूच बुडशील!"

पोचल्यावर चहा ठेवला. तो उकळून उकळून आटला, तेव्हा कुठे झाडीतून टोपी बाहेर आली. बाबा घामाने चिंब. दगडावर बसले आणि टोपीनेच वारा घेत राहिले.

मग म्हणाले, "उद्या परतताना मी होडीत. तू चाल. पोट सुटलंय तुझं."

मी "बरं" म्हटलं. दमलात का, हे नाही विचारलं.