कात्रीने कापलेली पट्टी

इंटरनॅशनल सिटी, गुरुवार, १२ मार्च २००९

चार दिवस वही टाळली, कारण लिहायचं म्हणजे कबूल करायचं. रूममेट संदीपदादाचा ताप परत चढलाय आणि चूक माझी आहे.

त्याची नोकरी गेली, सोबत इन्शुरन्सही, म्हणून तो डॉक्टरकडे जाईना. मी पुण्याहून इकडे आखातात येताना आणलेली अँटिबायोटिकची पट्टी कात्रीने कापून अर्धी त्याला दिली. पुण्यात आमच्या गल्लीतला मेडिकलवाला अशीच कापून देतो. डॉक्टरच्या चिठ्ठीचा नियम तिथेही आहे म्हणे, पण मला ती कधी कुणी मागितली नाही. तीन गोळ्यांत ताप उतरला. दादा म्हणाला, "काय डॉक्टर, फी किती?" मी खूश. उरलेली अर्धी, म्हणजे दादाचा राहिलेला कोर्स, शेजारच्याला दिली, साध्या सर्दीवर.

आज खालच्या फार्मसीत ती रिकामी अर्धी पट्टी दाखवली. मल्याळी फार्मासिस्ट म्हणाला, "चिठ्ठी के बिना नहीं, भाई. बाकी आधा किधर गया?"

"दूसरे को दिया."

तो पट्टीची कापलेली कड बघत राहिला, मग त्याने फ्लॅट नंबर विचारला. आता तक्रार करणार, खलास. तरी खरा नंबर सांगितला. का, कोण जाणे. दमलो होतो.

दादा आत कण्हतोय. एवढ्यात बेल वाजली. दारात तोच फार्मासिस्ट, आणि त्याच्यामागे चिठ्ठी लिहू शकणारी बाई, खालच्या क्लिनिकची डॉक्टर.