वस्तादांनी आवळलेले बोल्ट

प्रिय छकुली,

काल सगळ्यांत आधी आली ती लंबूची बायको. हातात बिस्किटांचे दोन पुडे आणि तोंडात तिच्या शेजारणीच्या सुनेची अख्खी कहाणी. (सून वाईट नाही गं, सासूच जरा तिखट आहे.) मागून लंबू, दारातून वाकून. तुझ्या आजोबांच्या हाताखाली गॅरेजात शिकला, आता स्वतःचं गॅरेज आहे, केस पिकलेत, तरी त्यांच्यासमोर अजून खुर्चीवर बसत नाही. किती महिन्यांनी घरात एकदम चार कप लागले! मला तर कुठं ठेवू नि कुठं नको असं झालं.

आले होते आपल्या म्हाताऱ्या गाडीला बघायला. इंजिनाचं हेड आणि खालचं धड यांच्यामध्ये पातळसं गॅस्केट असतं, त्याच्यामुळे पाणी पाण्याच्या वाटेनं जातं आणि तेल तेलाच्या. आपलं ते जळलं. तेल दुधाळ चहासारखं झालं, मागून पांढरा धूर. आजोबा म्हणाले, बाहेर द्यायची नाही, मीच बदलतो. गेल्या वर्षभरात ते कशालाच ‘मी करतो’ म्हणाले नव्हते, म्हणून मी इतकी हरखले, की शेजारच्या दोघींना बोलावून दाखवलं. अंगणात जुन्या चादरीवर बोल्ट मांडलेले, आणि हे शीळ घालत हेड पुसतायत.

परवा नवं गॅस्केट बसवून बोल्ट आवळायला घेतले. खरी रीत अशी, मधल्यापासून सुरुवात, मग आलटून पालटून बाहेर, तीन फेऱ्यांत थोडं थोडं, नाहीतर हेड एकीकडे दबतं. जेवताना ताटाभोवती बोटं वाजवून गॅरेजातल्या पोरांना शिकवायचे ते. मला झोपेतसुद्धा येईल. आणि परवा त्यांनी कडेचा बोल्ट धरला आणि एका दमात आवळला. मग त्याच्या शेजारचा. मग त्याच्या शेजारचा. मी चहाचा कप घेऊन उभी होते. चहा निवला. जन्मभर दुसऱ्यांना शिकवलेल्या माणसाला मी चौथी शिकलेली काय सांगणार?

काल लंबूसमोर गाडी चालू केली. दहा मिनिटांत पुन्हा तोच धूर, आणि सांध्यातून पाणी. लंबूनं पाना लावून एकेक बोल्ट चाचपला आणि माझ्याकडे पाहिलं. तेवढ्यात आजोबा खाली वाकले, त्यांनीही दोनचार चाचपले, आणि भडकलेच. म्हणाले, “कुठल्या गाढवानं आवळलंय हे?”

लंबूची बायको कपात बघत राहिली. लंबू म्हणाला, “मीच, वस्ताद. घाई केली.”

मग अर्धा तास त्याची हजेरी. कुठला बोल्ट पहिला, कुठला दुसरा, किती फेऱ्या, शिव्यांसकट सगळं बरोबर सांगितलं, एक आकडा चुकला नाही. लंबू मान खाली घालून ऐकत होता. मला इतका आनंद झाला, वाटलं, आहेत, अजून सगळं आहे त्यांच्यात. मग नळावर हात धुताना त्यांनी लंबूकडे बघत मला हळूच विचारलं, माणूस चांगला वाटतो, कुणाकडे शिकला गं हा?

मी म्हटलं, तुमच्याकडेच. ते हसले. त्यांना वाटलं, मी थट्टा करतेय.

निघताना लंबू फाटकाशी म्हणाला, काकू, गाडी मी नीट करतो, पण आता त्यांना चालवू देऊ नका. छकुली, मागच्या महिन्यात तुला फोनवर सांगितलं ना, आजोबा मित्राकडे गेलेत? कुठल्या मित्राकडे गं. दूध आणायला गाडी घेऊन गेले आणि अंधार पडता पडता चालत आले. गाडी दुसऱ्या दिवशी तळ्याकाठी सापडली, दार उघडं. किल्ली मी दोनदा लपवली. पण मग ते दिवसभर शोधतात, आणि मलाही त्यांच्याबरोबर शोधायचं नाटक करावं लागतं. पलंगाखाली वाकून शोधत होते गं ते. मला आता नाही होत.

म्हणून हे लिहिते. तू त्यांना पत्र लिही, तुला नोकरीवर जायला गाडी हवी, आपली जुनीच हवी, असं. खोटं असलं तरी लिही. माझं नाव घेऊ नकोस. काढून घेतली तर त्यांचं काही उरणार नाही, पण तू मागितलीस तर ते स्वतःच्या हातानं देतील. उशीर करू नकोस, तुझं नाव त्यांना अजून येतं. पत्र शनिवारपर्यंत पोचू दे. लंबू आणि त्याची बायको नवं गॅस्केट घेऊन रविवारी सकाळी येतो म्हणालेत, मग गाडी पुन्हा चालू होईल.

तुझीच,
आजी