दोनशे चौदा नंबरची खोली

प्रिय डेल्मर,

तुझं पत्र येऊन बारा दिवस झाले. एरवी मी तिसऱ्या दिवशी उत्तर टाकतो, तेव्हा म्हातारा गेला की काय असं तुला वाटलं असेल. गेलो नाही. चारदा लिहायला बसलो आणि चारही कागद शेगडीत घातले. हे वाचून तू मला पुन्हा लिहिशील की नाही, ठाऊक नाही. माझ्या पत्रपेटीत बिलं सोडली तर फक्त तुझीच पत्रं येतात. भीती त्याचीच आहे.

इकडचं म्हणशील तर गुडघा तसाच. मागच्या दाराची दुसरी पायरी हलते. ती मला पाडणार हे मी धरूनच चाललोय. बर्फ पडायला अजून दोन महिने आहेत, तरी छप्पर टिकेल का या विचाराने मी आत्ताच हैराण. माझी बायको मार्लिस असती तर म्हणाली असती, "लाइल, न पडलेलं बर्फ कशाला उपसतोस?" तिला जाऊन नोव्हेंबरात सहा वर्षं होतील. शुक्रवारी मी अजून त्याच ठिकाणी तळलेले मासे खायला जातो. एकट्यासाठी टेबल मागायची लाज वाटते, म्हणून बारच्या कडेला स्टुलावर बसतो. वाढणारी पोरगी विचारते, "काय आजोबा, आज पण एकटेच?" मी म्हणतो, "पाहुणे उद्या येणार आहेत." ती हसते. तिला माहीत आहे, शनिवारी तिथे मासे नसतात.

तुला ते कॉलेजचं वसतिगृह आठवतं ना? उन्हाळ्यात आपला फुटबॉल क्लब ते सरावासाठी भाड्याने घ्यायचा. ऑगस्टचा उकाडा, हेल्मेट घालून दिवसातून दोनदा धडका. नव्वद जण यायचे आणि त्रेचाळीस उरायचे. तू ड्राफ्टमध्ये, क्लब आळीपाळीने नवी पोरं उचलतात त्यात, पंधराव्या फेरीत निवडलेला. म्हणजे बाकीच्या क्लबांनी चौदा वेळा तुझ्यावरून नजर फिरवून दुसऱ्याचं नाव घेतलेलं. तरी करारावर सही केल्याचा फोटो तू आईला पाठवला होतास. तो करार कसला होता ते तुला नंतर कळलं. तू क्लब सोडू शकत नव्हतास, पण क्लब तुला कुठल्याही सकाळी सोडू शकत होता.

आणि त्या सकाळचं दार वाजवायचं काम माझं. "कोचनी बोलावलंय. डावांची वही घेऊन ये." एवढंच बोलायचं. वही परत घेतली की माणूस संपला. पोरं मला तुर्क म्हणायची. का, ते कुणालाच सांगता यायचं नाही. सगळ्या क्लबांत असल्या माणसाला तेच नाव. मी ताट घेऊन आलो की टेबलं गप्प व्हायची. एकदा तो टेक्सासचा दांडगा ओरडला, "ए तुर्का, तिकडे मर की! तुझी सावली पडली तर माझा करार फाटेल!" सगळे हसले. तूही हसलास. मग तूच ताट उचलून माझ्यासमोर येऊन बसलास आणि म्हणालास, "जेवू द्या रे त्यांना. त्यांनाही भूक लागते." त्या उन्हाळ्यात माझ्यासोबत जेवलेला तू एकटा.

आता जे चारदा जाळलं ते लिहितो. मी आठवी अर्ध्यात सोडून गाईंच्या धारा काढायला लागलो, हे तुला माहीत आहे. मला नावं वाचायला वेळ लागायचा, हे मात्र मी कधी सांगितलं नाही. आकडे चटकन कळायचे. त्यामुळे सोडायच्या पोरांची गॅफ्नींची यादी हातात आली की मी नाव न बघता खोलीचा नंबर बघायचो. खेळाडू घेणं, करार करणं, सोडणं सगळं गॅफ्नींच्या हातात होतं. त्यांना माझं वाचन कळू नये, एवढीच माझी धडपड. त्या दिवशी यादीत दोनशे चौदा नंबर होता. दार तू उघडलंस, अर्ध्या गालाला साबण. "नक्की मीच?" तू विचारलंस. मी म्हणालो, "यादीत आहे."

डेल्मर, दोनशे चौदा ही तुझ्याच जागेवर खेळणाऱ्या पर्डीची खोली होती. तुझ्या खोलीतला पोरगा घोरायचा. पर्डीला त्याचं काही वाटत नव्हतं, म्हणून आदल्या संध्याकाळी तुम्ही दोघांनी खोल्या बदलल्या होत्या. यादीवर नाव पर्डीचं होतं. त्या दिवशी अकरा जण जायचे होते आणि कोच फोनवर अडकले होते. वह्या घ्यायला नवा कारकून होता, त्याला चेहरे ठाऊक नव्हते. तू वही दिलीस आणि निघालास.

न्याहारीला पर्डी अंडी खाताना दिसला. गॅफ्नींनी मला बाजूला घेतलं. "हॅस्किन्स कुठाय?" तुझीच चौकशी. मी म्हणालो, "बस स्टँडवर. साडेनऊची बस आहे." नऊला दहा कमी होते. त्यांनी घड्याळाकडे पाहिलं, पेन्सिल काढली, पर्डीचं नाव खोडलं आणि तुझं लिहिलं. "दोघं एकोणीस-वीसच आहेत, लाइल. जो इथे आहे तो राहू दे. परत बोलावलं तर सगळ्यांना कळेल की इथे दारं चुकतात. आणि पुढच्या उन्हाळ्यात यायचं असेल तर तोंड मिटून ठेव."

मी गाडी काढून स्टँडवर आलो. तुला सांगायलाच आलो होतो, यावर तरी विश्वास ठेव. तू बॅगेवर बसला होतास. मी तोंड उघडायच्या आत तूच विचारलंस, "खरं सांगा लाइल, कुठे कमी पडलो मी?" आणि मी म्हणालो, "अर्धं पाऊल, पोरा. क्लब सगळं बघतो. क्लब चुकत नाही. घरी जा, हातचं काही काम शीक." तू माझा हात दोन्ही हातांत धरलास. बस गेली. त्या नाताळला मी तुला पहिलं कार्ड पाठवलं.

पर्डी सात वर्षं खेळला. तू एकदा लिहिलं होतंस की टीव्हीवर बघताना कळतं, तो माझ्यापेक्षा अर्धं पाऊल पुढेच होता. ते अर्धं पाऊल मी तिथे उभ्या उभ्या बनवलं होतं.

आता तुझा नातू कोल्बी. ड्राफ्टच्या आता सातच फेऱ्या असतात, त्या सातहींत त्याचं नाव आलं नाही, तरी त्याने करार मिळवला, आणि शेवटच्या दिवशी त्याला सोडलं. महिनाअखेरीस दुसऱ्या क्लबने बघायला बोलावलंय, पण तो तुझ्या सोफ्यावर भिंतीकडे तोंड करून पडलाय. तू लिहिलंस, "त्याला दोन ओळी लिहा, लाइल. मला सांगितलं होतं तेच. क्लब चुकत नाही. म्हणजे तो नाद सोडेल आणि माझ्याबरोबर छपरांच्या कामाला येईल." मी पाकिटावर त्याचं नाव घातलं. तेवढंच जमलं. पोरगा किती चांगला आहे, मला माहीत नाही. त्याला सोडलं ते बरोबरच असेल. नसेलही. त्याने जावं की राहावं, ते तुम्ही दोघं ठरवा. पण क्लब चुकत नाही, हे माझ्या नावावर त्याला सांगू नकोस.

चालवून घेशील तोवर तुझाच,
लाइल व्रोबेल