चिपची जन्मतारीख

॥ श्री बसवेश्वर प्रसन्न ॥

शाहूपुरी, कोल्हापूर
१२ सप्टेंबर २००३

चि. मृत्युंजय यास दोड्डप्पाचे अनेक आशीर्वाद.

डोळ्याचं ऑपरेशन झालंय, म्हणून मी सांगतो आणि तुझी दोड्डव्वा लिहिते. फोनच करणार होतो. पण फोनवर माणसाला नीट नावं ठेवता येत नाहीत आणि तू मध्येच ठेवून देतोस.

तुझ्या बापाचा थोरला भाऊ म्हणून विचारतो, तुझा तो नाद सुटला की नाही? शिकलास सवरलास, पुण्यात कॉम्प्युटर दुरुस्त करतोस, आणि सुट्टी मिळाली की भंगारवाल्याच्या दारात बसून मेलेल्या कॉम्प्युटरच्या चिपा वेचतोस. परवा मुलीकडच्या पावण्यांनी तुझा छंद विचारला. पोस्टाची तिकिटं जमवतो म्हणून सांगितलं. खरं सांगितलं असतं तर चहासुद्धा न घेता उठले असते.

आता कामाचं. दिवाळी पाडव्याला आमचं गूळ व्यापाऱ्यांचं मंडळ शाल देणार आहे, बाजारात सर्वांत आधी कॉम्प्युटर आणणाऱ्याला. तो मी. शहाऐंशीच्या गुढीपाडव्याला आणला. गणपतराव म्हणतो, त्याचा आधी. त्याचा आला सत्त्याऐंशीच्या संक्रांतीला, हे त्याच्या दुकानातल्या मुंगळ्यांनाही ठाऊक आहे. पण मंडळातल्या शहाण्यांना पुरावा हवा, आणि कुणीतरी त्यांच्या डोक्यात भरवलंय की तुला चिप बघून साल सांगता येतं. तेव्हा माझं मशीन शहाऐंशीचं आहे असा दाखला पाठव. बघायची गरज नाही. मी सांगतोय.

लोभ आहे, तो टिकेल असं वाग.

तुझा दोड्डप्पा,
सिद्धाप्पा

ता. क. हे माझ्या मनचं लिहिते, यांना ठाऊक नाही. यांनी त्या दिवसासाठी नवा कोट शिवायला टाकलाय. गणपतरावांना शाल मिळाली तर हा माणूस पुन्हा बाजारात पाऊल ठेवायचा नाही. – दोड्डव्वा

पुणे
१९ सप्टेंबर २००३

ती. दोड्डप्पांस मृत्युंजयचा शरणार्थी नमस्कार. वि. वि.

पत्र पावलं. न बघता दाखले देणारी माणसं तुमच्या बाजारात ढिगाने असतील. मी त्यांतला नाही. तुम्ही ज्याला भंगार म्हणता ते ओळखायला अक्कल लागते. इथेही शहाणे कमी नाहीत. सोन्याचा मुलामा दिसला की चिप ॲसिडात बुडवतात आणि चिमूटभर सोन्यासाठी एका काळाची खूण विरघळवून टाकतात. तुमच्या मंडळात हे लोक शोभले असते.

तुमच्यासाठी सोपं करून सांगतो. चिपवर चार आकडे असतात. पहिले दोन सालाचे, पुढचे दोन त्या सालातल्या आठवड्याचे. ही तिची जन्मतारीख, तुमच्या घरी आल्याची नव्हे. मुलगी जन्मते एका साली आणि सून होऊन येते दुसऱ्या साली, तसंच हे. म्हणजे तारीख जुनी निघाली तर फार काही सिद्ध होत नाही, पण नवी निघाली तर सगळं फसतं. चिप जन्मायच्या आधी तुमच्या दुकानात येऊ शकत नाही.

चिप पाठवा, बघतो. आणि तिला कुणी हात लावू नका, पुसू तर मुळीच नका.

दोड्डव्वास नमस्कार. रागावूनही लोभ ठेवता, तसाच ठेवावा.

आपला,
मृत्युंजय

शाहूपुरी, कोल्हापूर
६ ऑक्टोबर २००३

चि. मृत्युंजय यास दोड्डव्वाचे आशीर्वाद.

तुझं पत्र यांना वाचून दाखवलं. म्हणाले, माझ्या शब्दापेक्षा त्या किड्याएवढ्या चिपेचा शब्द मोठा झाला काय? मशीनला हात लावायचा न्हाय. मग दुपारी झोपल्यावर शेजारच्या टायपिंग क्लासमधल्या वीरेशला बोलावून मीच चिप काढून घेतली. ती सोबत आहे. यांच्या शब्दावर माझा विश्वास आहे, म्हणून तर पाठवते.

हातात आली तेव्हा केवढी कळकट होती रे! परवा खंडेनवमी झाली. तराजू, मापं, काटे सगळं घासलं, त्यातच तीही चिंच-मीठ लावून घासली. सोनेरी टोपी कशी लख्ख झाली बघ. हळद-कुंकू वाहिलं, मगच गुंडाळली.

पहिल्या वर्षीची खंडेनवमी आठवली. नवं मशीन म्हणून मी हौसेने नारळ त्याच्यावरच फोडला होता. सगळीकडे पाणी. गणपतराव मुलगा झाल्याचे पेढे घेऊन आले होते, तेही हसत उभे. यांनी माझ्या हातातली करवंटी ओढून घेतली, तेवढ्यात लाईटही गेली. तेव्हापासून नारळ उंबऱ्यावरच फुटतो.

दाखला लवकर पाठव. कोट शिवून आलाय. तब्येत सांभाळ, आमची आठवण असू दे.

तुझी,
दोड्डव्वा

पुणे
११ ऑक्टोबर २००३

ती. दोड्डप्पांस शरणार्थी. वि. वि.

चिप मिळाली. मी जन्मभर नाना तऱ्हेचे अडाणी पाहिले, पण चिप चिंचेने घासणारं घर आपलंच. वरची अक्षरं साफ गेली. दोड्डव्वाला बोलत नाही. तिला कुणी सांगितलंच नव्हतं. सांगायचं काम तुमचं होतं.

पण तारीख पोटावरही असते आणि चिंच तिथपर्यंत पोचली नव्हती. आकडे आहेत ८७१९. सत्त्याऐंशी सालचा एकोणिसावा आठवडा, म्हणजे मे महिना. तुमचा शहाऐंशीचा पाडवा राहू द्या, गणपतरावांच्या संक्रांतीनंतरही ही चिप जन्मली नव्हती.

सतरा वर्षं तुम्ही सगळ्या बाजाराला, आम्हा पोरांनाही, कमी लेखत आलात. पहिला कॉम्प्युटर, पहिला कॉम्प्युटर. लहानपणी मी ते पाठ करून वर्गात सांगायचो. आणि ती थाप निघाली. मला तुमची कीव येते, दोड्डप्पा. मंडळाला मी आकड्यांत दिसतं तेच लिहिणार.

लोभ ठेवायचा की नाही ते तुम्हीच ठरवा.

मृत्युंजय

कोल्हापूर
१४ ऑक्टोबर २००३

मृत्युंजय,

डोळ्याला पट्टी आहे, डॉक्टर नको म्हणतो, तरी हे मी माझ्या हाताने लिहितोय. ओळी एकमेकींवर चढतील. वाच.

तुझं पत्र तिनेच मला वाचून दाखवलं. सत्त्याऐंशीवर अडखळली. मी म्हटलं, पोरगं दीडशहाणं हाय, सोड.

गाढवा, त्या खंडेनवमीला लाईट गेली नव्हती. मशीन गेलं होतं. नारळाचं पाणी आत गेलं आणि आतलं सगळं जळालं. मी पाठीमागे जाऊन मेन स्विच पाडला आणि ओरडलो, लाईट गेली. ती केवढी सजून उभी होती, आणि गणपतराव दात काढत बघत होता. त्याच्यासमोर मी काय म्हणायला हवं होतं?

पुढे मशीनवर कापड टाकलं. बाजारात सांगितलं, गरम होतं म्हणून विसावा देतोय. हिशेब रात्री हाताने केले. पुढच्या वर्षी पुण्याला नेऊन आतलं सगळं बदलून आणलं. ती तुझी मे महिन्याची चिप. तुझी विद्या बरोबर आहे. अक्कल मात्र त्या चिपेएवढीसुद्धा नाही. जन्मतारीख वाचता येते तुला, माणूस वाचता येत नाही.

आता मंडळाला सत्त्याऐंशीच लिही. नारळाचा ‘न’ सुद्धा काढायचा नाही. अख्खा बाजार तिला हसेल, गणपतराव सर्वांत पुढे. ती शाल त्याला लखलाभ. हे पत्र जाळ.

सिद्धाप्पा

शाहूपुरी, कोल्हापूर
२८ ऑक्टोबर २००३

चि. मृत्युंजय यास दोड्डव्वाचे पोटभर आशीर्वाद.

पाडव्याला मंडळात तुझा दाखला वाचला. नुसते आकडे, पुढे एक शब्द नाही. त्यावरून मला कळलं की तुलाही कुणीतरी गप्प बसवलंय. मला तर तुझं पत्र वाचतानाच खरं काय ते लक्षात आलं होतं. लाईट गेली म्हणाले त्या दिवशी समोरच्या दुकानातला पंखा फिरत होता. तेव्हा मी ते मनावर घेतलं नव्हतं.

हे नव्या कोटात मागच्या खुर्चीवर बसले होते, मान वर करून, जसं काही हा समारंभ यांच्या तोलाचाच नाही. गणपतराव शाल घ्यायला उठले आणि मीही उठले. माईक कशाला, माझा आवाज तुला ठाऊक आहे. सगळ्यांसमोर सांगितलं, चिप दुसरी हाय, कारण पहिली मी मारली. मशीनवर नारळ फोडला मी. अख्खी सभा खदखदून हसली. गणपतराव तर डोळे पुसायला लागले. म्हणाले, वहिनी, ती पूजा आठवते की, काय पाणी उडालं हुतं!

मग मी त्यांना विचारलं, त्या दिवशी तुम्ही पेढे कशाचे आणले होते? त्यांचा अतुल पहिल्याच रांगेत बसला होता. शहाऐंशीच्या दसऱ्याच्या आदल्या आठवड्यातला जन्म त्याचा. म्हणजे आमचं मशीन त्याच दसऱ्याला दुकानात होतं, आणि पोराची जन्मतारीख बापाला नाकारता येईना. हसायचे थांबले आणि तसेच खाली बसले, आणि मंडळाने शाल यांना दिली.

बाजार तुला हसला, असं घरी येताना हे पुटपुटले. घराच्या पुढच्या सोप्यात शाल उलगडून बोटांनी चाचपून बघितली आणि म्हणाले, कापड हलकं हाय, मंडळाची ऐपत दिसली. मग ती माझ्या खांद्यावर टाकली. म्हणाले, मशीन तू मारलंस, मान बी तूच पांघर. आणि कोट काढायला आत गेले ते बराच वेळ बाहेर आले नाहीत.

चिप परत पाठवू नकोस. जमवलेल्या चिपा लावतोस त्या तुझ्या पुठ्ठ्यावर लाव आणि सत्त्याऐंशीच लिही. काल आलेल्या पावण्यांना यांनी तिकिटं सांगितली नाहीत. पोरगं चिपा जमवतंय, बघायला अक्कल लागते, असं त्यांनाच सुनावलं.

थंडी पडलीय. शाल पांघरूनच लिहिते आहे. येऊन जा.

तुझी,
दोड्डव्वा